आयर्लंडचा डर्मट मॅकमरो: पळवलेली राणी, ओलीस ठेवलेले मुलगे आणि जावयाला दिलेलं राज्य

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: "बाराव्या शतकात आयर्लंडमधल्या लेन्स्टर प्रांताच्या डर्मट मॅकमरो या राजाने दुसऱ्या राजाची बायको पळवली, त्यापायी राज्य गमावलं आणि ते परत मिळवायला इंग्रजांना बोलावलं, असं वाचलं. हे कितपत खरं? मुलगे असताना त्याने राज्य जावयाला कसं दिलं? आणि पुढे त्याच्या घराण्याचं काय झालं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. राणीला पळवलं हे खरं, राज्य गेलं हेही खरं. पण या दोन घटनांमध्ये चौदा वर्षं गेली आहेत. 1152 साली पळवलेल्या बाईसाठी 1166 साली कोणी राज्य घालवत नाही. मी इतकी वर्षं मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकवतोय, पण हा प्रश्न प्रत्येक वर्गात याच क्रमाने येतो: बाई, बदला, परकीय. गोष्ट म्हणून हे झकास जमतं. प्रत्यक्षात डर्मटचं आयुष्य समजून घ्यायचं तर नकाशाआधी वंशावळ उघडावी लागते. त्याच्या प्रत्येक मोठ्या निर्णयात कोणीतरी मुलगा, मुलगी, मेहुणा, सासरा किंवा जावई पणाला लागलेला दिसतो.

त्या काळी आयर्लंडला एकच एक राजा नव्हता. अल्स्टर, मन्स्टर, कॉनॉट, लेन्स्टर, मीथ असे प्रांत, प्रत्येकाचा राजा वेगळा, त्याच्या हाताखाली लहान लहान सरदार-राजे. यांतला सगळ्यांत बलाढ्य असेल तो स्वतःला महाराजा म्हणवायचा, आणि उरलेल्यांपैकी निम्मे ते मान्य करत नसत. गादी थोरल्या मुलाकडे जाईल असा नियम नव्हता. एका पणजोबाची पणतवंडं, त्या पिढीपर्यंतचा कोणीही पुरुष गादीवर हक्क सांगू शकत होता. शिवाय राजे एकाहून अधिक लग्नं करत, आणि कोणत्याही बायकोचा मुलगा बापाने आपला म्हटला की वारस धरला जाई. म्हणजे दर पिढीला डझनभर दावेदार. भाऊबंदकीला याहून सुपीक जमीन कुठली मिळणार?

डर्मट जन्मला साधारण 1110 च्या सुमारास, लेन्स्टरच्या दक्षिणेला, आजच्या वेक्सफर्ड परगण्यातलं फर्न्स हे ज्यांचं ठाणं होतं त्या घराण्यात. त्याच्या पणजोबाचं नावही डर्मटच. तो 1072 साली मारला गेला तेव्हा आयर्लंडमधला सगळ्यांत बलवान राजा मानला जात होता, आणि डब्लिन त्याच्या ताब्यात होतं. आजोबा मुर्खा, त्याच्यावरून मॅकमरो हे आडनाव. बाप डोन्खा 1115 साली डब्लिनमध्ये मारला गेला. डब्लिन तेव्हा नॉर्स वंशाच्या व्यापाऱ्यांचं शहर होतं. वेल्सचा धर्मगुरू गेराल्ड लिहितो, की डब्लिनकरांनी डोन्खाचं प्रेत आपल्या सभागृहाच्या मधोमध पुरलं आणि सोबत एक मेलेलं कुत्रं पुरलं. गेराल्डला मीठमसाला लावायची खोड होती, पण डर्मट आणि डब्लिनकर यांच्यातलं हाडवैर त्याने रचलेलं नाही. बाप गेला तेव्हा डर्मट पाच-सहा वर्षांचा असेल.

गादीवर थोरला भाऊ एन्ना आला आणि 1126 साली वारला. लगेच कॉनॉटचा राजा टर्लो ओ'कॉनर लेन्स्टरमध्ये उतरला आणि त्याने स्वतःच्या मुलाला तिथे बसवायचा प्रयत्न केला. सोळा-सतरा वर्षांच्या डर्मटला हाकलून द्यायला किती वेळ लागणार, असं त्याला वाटलं असावं. 1132 च्या सुमारास मात्र डर्मट पाय रोवून उभा होता. कसा, ते त्याच साली किल्डेअरला दिसलं. किल्डेअरचा मठ संत ब्रिजिडचा, लेन्स्टरमधलं सगळ्यांत मानाचं धर्मपीठ, आणि तिथली मठाधिपती बाई प्रतिस्पर्धी घराण्यातली होती. डर्मटच्या माणसांनी मठ लुटला, त्या बाईला ओढून बाहेर काढलं आणि तिच्यावर बलात्कार करवला. त्यामुळे ती पदाला अपात्र ठरली, आणि डर्मटच्या नात्यातली बाई तिथे बसली. हा संतापाच्या भरात घडलेला अत्याचार नव्हता, पद रिकामं करायचा थंड डोक्याने केलेला हिशेब होता. डर्मटबद्दल कोणी हळवं बोलायला लागलं की मी ही नोंद वाचून दाखवतो.

1141 साली त्याने लेन्स्टरच्या उत्तरेकडच्या सतरा सरदारांना ठार मारलं किंवा आंधळं केलं. आंधळं करण्यामागेही कायदा होता. राजाच्या अंगात व्यंग असता कामा नये असा दंडक असल्याने डोळे काढले की दावेदारी आपोआप संपत असे.

त्या सतरा जणांची घराणी बघितली की त्याचं वैवाहिक आयुष्य कळतं. डर्मटच्या दोन बायकांची नावं आपल्याला माहीत आहेत: मोर, ही उत्तर लेन्स्टरच्या ओ'टूल घराण्यातली, आणि साइव्ह, ही शेजारच्या मॅकफेलन घराण्यातली. 1141 च्या यादीत या दोन्ही घराण्यांतले पुरुष आहेत. ज्या उंबऱ्यावर वऱ्हाड न्यायचं त्याच उंबऱ्यावर तलवार चालवायची. उत्तर लेन्स्टर ताब्यात ठेवायचा तर सोयरीक आणि दहशत ही दोन्ही साधनं तो एकत्रच वापरत होता.

मोरचा भाऊ लॉरेन्स ओ'टूल. पुढे हा डब्लिनचा आर्चबिशप झाला आणि मृत्यूनंतर त्याला संत घोषित केलं गेलं. त्याचं चरित्र सांगतं, की दहा वर्षांचा असताना बापाने त्याला डर्मटकडे ओलीस म्हणून ठेवलं. ओलीस देणं-घेणं हा तिथला रोजचा व्यवहार होता. मांडलिक राजाने आपला मुलगा वरिष्ठाच्या घरी ठेवायचा, तो सहसा पाहुण्यासारखा वाढायचा, बापाने शब्द मोडला तर मात्र जिवाला मुकायचा. डर्मटने या पोराला एका ओसाड जागी उपाशी-अर्धपोटी ठेवलं. बापाला कळलं तेव्हा त्याने डर्मटचे बारा शिपाई पकडले आणि मुलगा परत द्या नाहीतर हे बाराही मरतील, असा निरोप धाडला. डर्मटने मुलगा ग्लेंडलॉखच्या बिशपकडे सोपवला, आणि लॉरेन्स तिथेच रमला. पंचविशीत तो त्या मठाचा प्रमुख झाला. 1162 साली आर्चबिशपपद मिळालं तेही डर्मट ऐन भरात असताना. मेहुण्याने भावजींकडून भोगलेलं आणि मिळवलेलं, दोन्ही एकाच आयुष्यात.

हाच डर्मट मठांचा मोठा आश्रयदाता होता. 1148 साली त्याने बॉल्टिनग्लासला सिस्टर्शियन मठ उभारला, डब्लिनला बायकांचा मठ काढला, फर्न्सला ऑगस्टिनियन मठ बांधला, आणि डब्लिनच्या वेशीबाहेर ऑल हॅलोज हा मठ वसवला. त्या मठाच्या जागेवर 1592 साली ट्रिनिटी कॉलेज उभं राहिलं. क्लेअरव्होच्या बर्नार्डने, त्या काळातल्या युरोपातल्या सगळ्यांत वजनदार धर्मगुरूने, त्याला पत्र लिहिलं होतं. किल्डेअरचा अत्याचारी आणि हा पुण्यवंत ही दोन माणसं नाहीत. नवे मठ जुन्या घराण्यांच्या मुठीतले नव्हते, ते राजाचे ऋणी राहत. त्याला दोन्हीकडून एकच गोष्ट साधायची होती.

आता 1152. त्या वर्षी कॉनॉटचा टर्लो, उत्तरेचा मॅकलॉक्लिन आणि डर्मट असे तिघे ब्रेफ्नी या राज्याचा राजा टिअर्नन ओ'रूर्क याच्यावर चालून गेले. डर्मट आणि ओ'रूर्क या दोघांचाही डोळा मधल्या मीथ प्रांतावर होता, तेच खरं भांडण. या मोहिमेत डर्मटने ओ'रूर्कची बायको डर्व्होर्गिल हिला उचलून नेलं. ती मीथच्याच राजाची मुलगी. वार्षिकवृत्तांत, म्हणजे त्या काळच्या वर्षवार नोंदी, सांगतात, की ती आपली गुरंढोरं आणि घरचं सामान घेऊन गेली आणि हे तिच्या भावाच्या सल्ल्याने झालं. तेव्हा तिचं वय चव्वेचाळीसच्या आसपास, डर्मट बेचाळिशीतला. प्रेमकथा लिहिणारे या वयाकडे सहसा कानाडोळा करतात. मला स्वतःला यात मीथच्या भावाची खेळी दिसते: बहिणीला नवऱ्याच्या घरातून काढलं की ओ'रूर्कचा मीथवरचा जावई म्हणून असलेला दावा ढिला पडतो. पुढच्याच वर्षी टर्लो ओ'कॉनरने तिला गुरांसकट परत आणलं. 1157 साली मेलिफॉन्टच्या मठाला तिने साठ औंस सोनं, एक सोन्याचा चषक आणि नऊ वेदींसाठी वस्त्रं दिली. 1193 साली त्याच मठात, पंच्याऐंशीच्या घरात ती वारली. एवढं दान करणारी ही बाई पुढची चाळीस वर्षं तोंड लपवून बसली होती असं मानायला काही आधार नाही.

डर्मटचं राज्य गेलं ते दोस्त मेला म्हणून. 1156 नंतर तो मॅकलॉक्लिन या महाराजाच्या छत्राखाली सुखात होता. 1166 साली मॅकलॉक्लिनने तहाची शपथ मोडून अल्स्टरच्या राजाचे डोळे काढले, त्याचे स्वतःचे सरदार उलटले आणि तो मारला गेला. टर्लोचा मुलगा रोरी ओ'कॉनर महाराजा झाला. डब्लिन फिरलं, उत्तर लेन्स्टरची घराणी फिरली, आणि पंचवीस वर्षं साठलेला हिशेब चुकता करायला सगळे एकदम आले. ओ'रूर्क फर्न्सवर चालून गेला आणि डर्मटचा दगडी वाडा पाडला. सख्खा भाऊसुद्धा रोरीशी जुळवून गादीवर बसला. 1 ऑगस्ट 1166 रोजी डर्मट जहाजात बसला. 'लेन्स्टरचा ग्रंथ' या बाराव्या शतकातल्या हस्तलिखिताच्या समासात कोणीतरी त्या दिवशीची नोंद केली आहे: अगे मारिया माते, आज आयर्लंडमध्ये केवढं घडलं, डर्मटला आयर्लंडच्या लोकांनी समुद्रापार घालवलं, हाय हाय देवा, आता मी काय करू! ज्याच्या नावाने बाकीचे बोटं मोडत होते त्याच्यासाठी हा लेखनिक रडतो आहे. हे हस्तलिखित आज ट्रिनिटी कॉलेजात आहे, म्हणजे डर्मटनेच मठाला दिलेल्या जमिनीवर.

पुढचं थोडक्यात. ब्रिस्टलच्या रॉबर्ट फिट्झ हार्डिंगने त्याला आसरा दिला. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री तेव्हा फ्रान्समध्ये होता, डर्मट तिथवर गेला. हेन्रीने फौज दिली नाही, पण आपल्या प्रजेपैकी कोणी याला मदत केली तर आपली हरकत नाही असं पत्र दिलं. ते घेऊन तो वेल्समध्ये फिरला. तिथे त्याला भेटला रिचर्ड डी क्लेअर ऊर्फ स्ट्राँगबो, राजाच्या मर्जीतून उतरलेला आणि पेम्ब्रोकची जहागीर गमावलेला सरदार. शिवाय नेस्ट या वेल्श राजकन्येचे दोन वेगवेगळ्या पुरुषांपासूनचे मुलगे, रॉबर्ट फिट्झ स्टीफन आणि मॉरिस फिट्झ जेराल्ड. या सावत्र भावांना त्याने वेक्सफर्ड कबूल केलं, आणि स्ट्राँगबोला आपली मुलगी ईफा व आपल्यामागे लेन्स्टरचं राज्य.

1167 साली तो मूठभर फ्लेमिश भाडोत्री घेऊन परतला आणि हरला. तहात त्याने ओ'रूर्कला शंभर औंस सोनं मोजलं, ते पंधरा वर्षांपूर्वीच्या बेअब्रूची भरपाई म्हणून. बदल्याची गोष्ट सांगणारे ही पावती विसरतात: आयरिश कायद्याच्या हिशेबी ते प्रकरण तिथे मिटलं होतं.

मग मुलगे असताना जावई का? डर्मटचे तीन मुलगे ठळकपणे दिसतात: डॉनल, एन्ना आणि कॉनर. स्ट्राँगबोशी बोलणं झालं तेव्हा तिघेही धडधाकट होते. 1168 साली शेजारच्या ऑसरी राज्याच्या राजाने आपल्याकडे ओलीस असलेल्या एन्नाचे डोळे काढले, म्हणजे तो बाद. डॉनल हा लढवय्या, बापाच्या कायम सोबत, पण नॉर्मन, म्हणजे स्ट्राँगबोसारखे इंग्लंड-वेल्समधले सरदार, त्याला अनौरस धरत. उरला कॉनर. मे 1169 मध्ये फिट्झ स्टीफन तीन जहाजांनी बॅनो उपसागरात उतरला, वेक्सफर्ड पडलं, आणि रोरी ओ'कॉनरने फर्न्सला येऊन तह केला: डर्मटने लेन्स्टर ठेवावं, परक्यांना परत पाठवावं, आणि हमी म्हणून कॉनरला ओलीस द्यावं. शब्द पाळला तर रोरी आपली मुलगी कॉनरला देणार होता, असं गेराल्ड सांगतो. डर्मटने मुलगा दिला. त्याच मुलाच्या वाट्याचं राज्य तो आधीच स्ट्राँगबोला देऊन बसला होता.

आयरिश कायद्याप्रमाणे हा सौदा पोकळ होता. राज्य ही राजाची खासगी मालमत्ता नव्हती. ते मुलीकरवी जावयाला देता येत नव्हतं, राजा निवडायचा हक्क घराण्याचा. नॉर्मन कायद्यात मात्र औरस मुलगा नसेल तर मुलगी वारस होई आणि तिची जमीन नवऱ्याकडे जाई. डर्मटला हा फरक कळत नव्हता असं मला वाटत नाही. चाळीस वर्षं राज्य केलेला माणूस तो. स्ट्राँगबोला हवं ते त्याच्या कायद्यातलं वचन द्यायचं, काम करून घ्यायचं, पुढचं पुढे, असा त्याचा विचार असावा. पण पुढचं बघायला तो उरला नाही.

23 ऑगस्ट 1170 रोजी स्ट्राँगबो वॉटरफर्डजवळ उतरला. गेराल्डच्या मते दोनशे सरदार आणि हजारभर इतर लोक त्याच्याबरोबर होते. दोन दिवसांत शहर पडलं आणि लगोलग ईफाचं लग्न लागलं. डॅनियल मॅक्लीसने 1854 साली या लग्नाचं भलंमोठं चित्र काढलं, ते डब्लिनच्या राष्ट्रीय चित्रदालनात आहे. सभोवती प्रेतं, मधे मान खाली घातलेली वधू. ते एकोणिसाव्या शतकाचं दुःख आहे. ईफाला स्वतःला काय वाटलं ते कोणी टिपून ठेवलेलं नाही. पण नवरा वारल्यावरही ती लेन्स्टरवरचा आपला हक्क धरून राहिली, एवढं दिसतं.

21 सप्टेंबरला डब्लिन पडलं. आर्चबिशप लॉरेन्स तहाची बोलणी करत असतानाच स्ट्राँगबोची माणसं तटावरून आत घुसली. मेहुणा वाटाघाट करतोय आणि भाचजावयाचे लोक शहर कापताहेत, असं दृश्य. त्यानंतर डर्मट थांबला नाही, मीथ आणि ब्रेफ्नीत घुसला. रोरीने बजावलं: तह मोडलास, मुलगा माझ्याकडे आहे. डर्मटने उलट महाराजपदावरच हक्क सांगितला. रोरीने कॉनर, डॉनलचा एक मुलगा आणि डर्मटच्या दूधभावाचा मुलगा या तिघांना ठार मारलं. ओ'रूर्कने त्यासाठी हट्ट धरला होता, असं वृत्तांत सांगतात. मुलगा मरणार हे माहीत असूनही डर्मट पुढे गेला. काही अभ्यासक म्हणतात, रोरी एवढ्या थराला जाणार नाही असा त्याचा अंदाज होता. ओलीस मारणं तसं क्वचितच घडे, त्यामुळे हे शक्य आहे.

डर्मट मे 1171 मध्ये फर्न्सला वारला. त्याच्या मृत्यूच्या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात. सतराव्या शतकात जुन्या साधनांवरून संकलित झालेल्या 'चार पंडितांच्या' वृत्तांतानुसार तो अनोळखी रोगाने जिवंतपणी सडला आणि मृत्युपत्राविना, पश्चात्तापाविना, धर्मसंस्काराविना, त्याच्या कर्माला साजेसा मेला. 'लेन्स्टरच्या ग्रंथा'तली राजांची यादी सांगते, की तो एकसष्टाव्या वर्षी, पश्चात्ताप करून, अंत्यसंस्काराचं तेल लावून घेऊन गेला. मग लगेच एक ओळ: यानंतर सॅक्सनांची (म्हणजे इंग्रजांची) दैन्यवाणी सत्ता, आमेन, आमेन.

पुढच्या घराण्याचं उत्तर दोन फांद्यांत आहे. ऑक्टोबर 1171 मध्ये हेन्री स्वतः फौजेसह आला आणि स्ट्राँगबोला लेन्स्टर त्याच्याकडून जहागीर म्हणून घ्यावं लागलं. स्ट्राँगबो 1176 साली वारला. त्याची आणि ईफाची मुलगी इझाबेल हिचं 1189 साली विल्यम मार्शल या इंग्रज सरदाराशी लग्न झालं. त्यांना पाच मुलगे, पाच मुली. पाचही मुलगे एकामागून एक औरस संततीविना गेले, आणि 1247 साली लेन्स्टरचे पाच वाटे होऊन ते मुलींच्या घरी गेले. म्हणजे डर्मटचं राज्य पुन्हा मुलींकरवीच फुटलं. या मुलींच्या वंशात स्कॉटलंडचा रॉबर्ट ब्रूस येतो आणि इंग्लंडचा चौथा एडवर्डही.

दुसरी फांदी मुलांची. एन्नापासून किन्सेला घराणं झालं. डॉनल स्ट्राँगबोच्या बाजूने राहिला, लेन्स्टरच्या आयरिश लोकांचा न्यायनिवाडा त्याच्याकडे होता, 1175 साली तो मारला गेला. त्याच्यापासूनचं कॅव्हना घराणं डोंगरांत, जंगलांत टिकलं आणि चौदाव्या शतकात स्वतःला पुन्हा लेन्स्टरचे राजे म्हणवू लागलं. यांतला आर्ट मोर मॅकमरो कॅव्हना सगळ्यांत गाजला. 1398 साली लेन्स्टरच्या आयरिश सैन्याशी लढताना मार्चचा अर्ल रॉजर मॉर्टिमर पडला. इझाबेलच्या ईव्हा नावाच्या मुलीचा तो वंशज, म्हणजे ईफाकडून डर्मटचा. त्याचा सूड घ्यायला पुढच्या वर्षी इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड आर्टच्या मागावर लेन्स्टरच्या रानात शिरला. तो तिकडे अडकला असताना त्याचा चुलतभाऊ हेन्री बॉलिंगब्रोक इंग्लंडमध्ये उतरला आणि रिचर्डचं सिंहासन गेलं.